पणजीचे निष्कलंक मातेचे चर्च : एका शहरी धर्मग्रामाच्या वास्तूची जडणघडण

दरवर्षी डिसेंबर महिना जवळ आला की सिंधुदुर्गापासून वसईपर्यंतच्या अनेक मराठी भाषिक भाविकांची पावले गोव्याकडे वळतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा सण साजरा होतो आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, म्हणजे ८ डिसेंबरला, पणजी शहरात निष्कलंक गर्भसंभव मातेचा सण येतो. हिरव्या टेकडीच्या उतारावर उभे असलेले पांढरेशुभ्र चर्च, त्याच्यापुढे उजवीडावीकडे वळत चढणाऱ्या पायऱ्या आणि सर्वांत वर क्रूसाखाली टांगलेली मोठी घंटा, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. गोव्याविषयीच्या कोणत्याही पुस्तकात वा दिनदर्शिकेत ते हमखास आढळते.

परंतु ज्या वास्तूचे आपण छायाचित्र काढतो ती एका वेळी, एका हाताने उभारली गेलेली नाही, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. कपेल एका शतकातले, चर्च दुसऱ्या, पायऱ्या तिसऱ्या आणि घंटा चौथ्या शतकातली, अशी या चर्चची घडण आहे. त्यातील काही महत्त्वाच्या वस्तू तर मुळात या चर्चसाठी घडवलेल्याच नव्हत्या. हे चर्च कसे वाढत गेले आणि त्यातून आपल्या धर्मग्रामांनी काय शिकावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

मांडवीकाठचे कपेल

१५१० साली आफोंसो द आल्बुकर्क याने आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला. त्या वेळी पणजी हे शहर नव्हते. मांडवी नदीच्या मुखाजवळ वसलेली ती एक लहानशी वस्ती होती. नदीकाठी आदिलशहाचा वाडा होता, भोवती खाजण जमीन होती आणि मागे टेकडी होती. राजधानी येथून सुमारे दहा किलोमीटर आत, आज ज्याला आपण जुने गोवे म्हणतो तेथे होती.

या वस्तीच्या मागील टेकडीच्या उतारावर १५४१ साली पवित्र मरियेच्या नावाने एक कपेल उभारण्यात आले. जागेची निवड अर्थपूर्ण होती. पोर्तुगालमधील लिस्बन बंदरातून साधारणपणे मार्च महिन्यात निघालेली गलबते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून सहा महिन्यांनी गोव्याला पोहोचत असत. वाटेत वादळे, तहान आणि रोगराई यांना तोंड देता देता कित्येक खलाशी दगावत. जे वाचत त्यांना मांडवीच्या मुखात शिरताच टेकडीवरचे हे कपेल दिसे. राजधानीकडे जाण्यापूर्वी खलाशी येथे उतरून सुखरूप पोहोचल्याबद्दल देवाचे आभार मानीत, असे परंपरा सांगते. या वास्तूचा आरंभ असा उपकारस्तुतीत आहे.

इतिहासाची दुसरी बाजूही आपण नजरेआड करता कामा नये. हे कपेल बांधले गेले त्याच सुमारास तिसवाडी बेटावरील देवळे पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कामांकडे वळवले गेले. श्रद्धेच्या नावाने त्या काळी झालेल्या बळजबरीचे समर्थन आज कोणीही करणार नाही. २००० सालच्या महाज्युबिली वर्षात पोप दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या पुत्रांकडून इतिहासात घडलेल्या अशा अपराधांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. जुन्या वास्तूंचा अभिमान बाळगताना ही नम्रताही आपल्यापाशी असली पाहिजे.

कपेलाचे चर्च झाले

वस्ती वाढली तशी १६०० साली पणजी हा स्वतंत्र धर्मग्राम झाला. धर्मग्राम म्हटला की स्नानसंस्कार, विवाह, अंत्यविधी आणि रविवारची मिस्सा हे सारे त्याच ठिकाणी आले. खलाशांच्या धावत्या प्रार्थनेसाठी पुरेसे असलेले कपेल आता अपुरे पडू लागले. १६०९ साली त्याच्या जागी मोठ्या चर्चचे काम हाती घेण्यात आले आणि १६१९ साली चर्चची नव्याने बांधणी झाली. आज आपण पाहतो त्या वास्तूचा मूळ गाभा या काळातला आहे. योगायोगाने १६१९ हेच जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या मुख्य बांधकामाच्या पूर्ततेचेही वर्ष मानले जाते.

हा काळ ट्रेंटच्या विश्वपरिषदेनंतरचा होता. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या त्या परिषदेने प्रवचनावर, पवित्र साक्रामेंताच्या आराधनेवर आणि भाविकांच्या धर्मशिक्षणावर भर दिला. त्याचा परिणाम चर्चच्या रचनेवरही झाला. मध्ययुगीन कॅथेड्रलमधील खांबांच्या अनेक रांगा आणि वेदीपुढील आडपडदे मागे पडले. एकच प्रशस्त दालन असावे, कोठेही बसलेल्या भाविकाला वेदी दिसावी आणि प्रवचनकाराचा आवाज सर्वांपर्यंत पोहोचावा, अशी रचना पसंत केली जाऊ लागली. मिलानचे महागुरू संत चार्ल्स बोरोमियो यांनी १५७७ साली चर्चबांधणीविषयी एक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. चर्च उंच जागी असावे आणि पायऱ्या चढून त्यात प्रवेश करावा, असा सल्ला त्यात आहे.

पणजीचे चर्च याच विचारांच्या युगातले आहे. आतमध्ये एकच लांबट दालन आहे. समोर मुख्य वेदी आणि तिच्या दोन्ही अंगांना बाजूच्या वेद्या आहेत. दालनाच्या दारात उभे राहिले की नजर आपोआप मुख्य वेदीवरील निष्कलंक मातेकडे जाते. मधे एकही खांब आड येत नाही. डाव्या वेदीवर क्रूसावरील प्रभू येशू आणि उजव्या वेदीवर जपमाळेची माता आहे. जवळच संत पेत्र आणि संत पौल यांचे पुतळे आहेत. वेदीमागील कोरीव लाकडी मखराला गोव्यात पोर्तुगीज भाषेवरून रेतेबल म्हणतात. सोन्याच्या वर्खाने मढवलेली ही मखरे बाहेरच्या साध्या, पांढऱ्या भिंतींच्या तुलनेत डोळे दिपवून टाकतात. बाहेर संयम आणि आत वैभव हा गोव्याच्या चर्चवास्तूंचा स्थायीभाव आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

गोव्यातील चर्चमधले असे कोरीव काम बहुतांशी स्थानिक सुतारांच्या आणि मूर्तिकारांच्या हातचे आहे. त्यात ख्रिस्ती होते तसेच हिंदू कारागीरही होते. ख्रिस्ती प्रतिमा अख्रिस्ती कारागिरांकडून घडवून घेऊ नयेत, असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले. ते पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरूनच व्यवहारात काय चालत असे ते कळते. आराखडा युरोपातून आला, परंतु छिन्नी आणि पटाशी इथल्या माणसांच्या हातात होती. म्हणूनच गोव्यातील चर्चमधील वेलबुट्टीत, देवदूतांच्या चेहऱ्यांत आणि पानाफुलांत आपल्याला कोकणच्या मातीची ओळख पटते.

जांभा आणि चुना

हे चर्च पांढरे का, हा प्रश्न लहान वाटला तरी त्याचे उत्तर महत्त्वाचे आहे. ते केवळ शोभेसाठी पांढरे नाही.

गोव्यात आणि कोकणात बांधकामाचा दगड म्हणजे जांभा. खाणीतून ताजा काढला की तो मऊ असतो आणि त्याचे चिरे सहज पाडता येतात. हवा लागली की तो कठीण होतो. परंतु तो सच्छिद्र असतो. आपल्याकडच्या मुसळधार पावसात उघडा जांभा पाणी पितो, त्यावर शेवाळ धरते आणि वर्षानुवर्षे भिजून आणि वाळून तो झिजू लागतो. म्हणून जुन्या गवंड्यांनी जांभ्याच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा चढवला आणि त्यावर चुन्याची सफेदी केली. पावसाळा सरला की सफेदीचा नवा हात द्यायचा, ही रीत पडली. चुन्याचा गिलावा पावसाचे पाणी अडवतो आणि भिंतीत शिरलेली ओल बाहेरही पडू देतो. जणू भिंतीला अंगरखा घातला आहे, पण तिचा श्वास कोंडलेला नाही.

हा अंगरखा उतरवला तर काय होते, याचे उदाहरण जवळच आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेजूस बॅसिलिका आज आपल्याला तांबड्या दगडाची दिसते आणि ती मूळचीच तशी आहे, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात तिलाही गिलावा होता. संत फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षे पूर्ण होत असताना, १९५०च्या दशकाच्या आरंभी, पोर्तुगीज राजवटीने केलेल्या दुरुस्तीत तो काढून टाकण्यात आला. उघड्या दगडामुळे वास्तू अधिक प्राचीन दिसेल, असा त्यामागचा विचार होता. तेव्हापासून तिच्या भिंती पावसाचा मारा सोसत आहेत आणि त्यांची झीज चिंतेचा विषय झाली आहे. गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी अलीकडच्या वर्षांत वारंवार पुढे आली. याच बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरील खांब व नक्षीसाठी वापरलेला काळा पाषाण वसईहून समुद्रमार्गे नेण्यात आला होता, हे आपल्या वसईकर वाचकांना सांगितले पाहिजे. तो टणक बसाल्ट आजही रेखीव आहे आणि शेजारचा जांभा मात्र झिजतो आहे.

पणजीच्या चर्चने आपला पांढरा अंगरखा टाकला नाही. ज्यांनी दरवर्षी शिडी लावून भिंती पांढऱ्या केल्या त्या नावगाव नसलेल्या माणसांचाही या वास्तूच्या दीर्घायुष्यात वाटा आहे.

राजधानी जवळ आली

सतराव्या शतकात जुन्या गोव्याला उतरती कळा लागली. साथीचे रोग वारंवार येऊ लागले, पाणी दूषित झाले आणि व्यापारही ओसरला. लोक शहर सोडून जाऊ लागले. शेवटी १७५९ साली व्हाइसरॉय कोंद द एगा यांनी पणजीतील आदिलशहाच्या जुन्या वाड्यात आपले निवासस्थान हलवले. टेकडीखालच्या वस्तीचे भाग्य पालटले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दों मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रो यांच्या कारकिर्दीत खाजणाची जमीन भराव घालून बांधकामायोग्य करण्यात आली व सरळ रस्ते आखले गेले. १८४३ साली पणजीला नोव्हा गोवा या नावाने शहराचा आणि राजधानीचा दर्जा मिळाला.

चर्चसमोरील पायऱ्या या बदलत्या पणजीच्या काळातल्या, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत. टेकडीच्या उतारावरील चर्चला पायऱ्या हव्यातच. बार्देशमधील रेइश मागूश या १५५५ सालच्या चर्चलाही त्या आहेत. परंतु पणजीच्या पायऱ्यांची मांडणी निराळी आहे. त्या सरळ दारापर्यंत जात नाहीत. दोन बाजूंनी निघतात, मध्ये येतात, पुन्हा फाकतात आणि पुन्हा एकत्र येतात. प्रत्येक टप्प्यावर एक सज्जा लागतो आणि तेथून शहर थोडे अधिक दिसू लागते.

अशा वळणावळणाच्या पायऱ्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराजवळ बॉम जेजूस दु मोंत या तीर्थस्थानी आहे. तेथील पायऱ्यांचे काम अठराव्या शतकात सुरू झाले. तेथे वर चढणे ही एक प्रार्थनाच आहे. यात्रेकरू थांबत, चिंतन करत, क्रूसमार्ग आठवत वर जातात. पणजीच्या पायऱ्या त्या मानाने लहान आहेत, पण त्यांचा परिणाम तसाच होतो. बाजारातून थेट चर्चमध्ये शिरता येत नाही. वळावे लागते, दम घ्यावा लागतो आणि तेवढ्या वेळात मनही बाजारातून बाहेर पडते.

व्यवहाराच्या दृष्टीनेही ही योजना चतुर होती. तीव्र उतारावर सरळ जिना बांधला असता तर तो फार खडा झाला असता. वळणांमुळे चढ सौम्य झाला, मिरवणुकीला रांगेने उतरता येऊ लागले आणि टेकडीच्या मातीला आधार देणाऱ्या भिंतीही त्यातच साधल्या. शिवाय लहान आकाराच्या चर्चला एक भव्य पाया लाभला. दुरून पाहणाऱ्याला पायऱ्या आणि चर्च मिळून एकच उंच वास्तू असल्याचा भास होतो.

ढासळलेल्या मठाची घंटा

आता आपण चर्चच्या माथ्याकडे येऊ. दर्शनी भागाच्या दोन बाजूंना आटोपशीर मनोरे आहेत. सामान्यतः घंटा अशा मनोऱ्यांत असतात. येथे मात्र मोठी घंटा मध्यभागी, दोन्ही मनोऱ्यांपेक्षा उंच बांधलेल्या कमानीत आहे. हा मधला माथा मूळ आराखड्यातला नाही. तो एकोणिसाव्या शतकात या घंटेसाठी उभारला गेला.

ही घंटा जुन्या गोव्यातील होली हिल या टेकडीवरच्या ऑगस्टिनियन संघाच्या कृपामातेच्या चर्चची होय. त्या चर्चचा दर्शनी मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांवर बंदी घातल्यावर तेथील मठ ओस पडला. देखभाल थांबली आणि १८४२ साली चर्चचे छत कोसळले. पुढे १९३१ साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भागही ढासळला. आज तेथे जांभ्याचा एक उघडा सुळका तेवढा उभा आहे.

घंटा मात्र वाचली. आधी ती आग्वाद किल्ल्यावरील दीपगृहात नेण्यात आली आणि १८७१ साली पणजीच्या चर्चला मिळाली. सव्वादोन टनांच्या आसपास वजनाची ही घंटा गोव्यातील दुसऱ्या क्रमांकाची मोठी घंटा मानली जाते. पहिला मान से कॅथेड्रलच्या सुवर्णघंटेचा आहे. एवढे वजन जुन्या मनोऱ्यांत मावण्याजोगे नव्हते. म्हणून दर्शनी भागाचा मध्य उंच करून त्यात कमान बांधली गेली. अशा रीतीने एका उपयुक्त गरजेतून चर्चला आजचा तो मुकुटासारखा माथा लाभला, ज्यामुळे ते दुरूनही ओळखू येते.

घंटांच्या प्रवासाची गोष्ट आम्हा महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांना नवी नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. त्यानंतर चर्चच्या अनेक घंटा महाराष्ट्रातील मंदिरांत गेल्या. भीमाशंकर येथील १७२९ सालची, वाईजवळच्या मेणवली घाटावरील १७०७ सालची आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील १७२१ सालची घंटा आजही पाहायला मिळते. त्या घंटा दुसऱ्या श्रद्धेच्या लोकांना हाक देऊ लागल्या, पण त्यांनी त्या मायेने जपल्या हेही खरे. पणजीच्या घंटेचा प्रवास वेगळा आहे. ती एका मृत शहरातून त्याच्या वारसदार शहराकडे आली.

राजवाड्यातून आलेली वेदी

घंटेप्रमाणेच चर्चमधील आणखी एक ठेवा बाहेरून आलेला आहे. पणजीतील राजवाड्यात व्हाइसरॉयचे खासगी कपेल होते. १९१८ साली तेथील रेतेबल या चर्चमध्ये आणण्यात आले. बाजूच्या कपेलात आज ते उभे आहे. जी वेदी एकेकाळी केवळ सत्ताधीशाच्या घरातील मंडळींसाठी होती तिच्यापुढे आता शहरातील कोणीही गुडघे टेकू शकतो.

त्याच राजवाड्यात एक क्रूसमूर्तीही होती. जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायासनाच्या वाड्यातील ती मूर्ती १८१२ साली ते न्यायासन बंद झाल्यावर राजवाड्यात आली होती. १९१८ साली ती फोंतान्हास भागातील संत सेबास्तियनच्या कपेलात हलवण्यात आली. या मूर्तीतील ख्रिस्ताचे मस्तक खाली झुकलेले नाही आणि डोळे उघडे आहेत. ज्या दालनात माणसांची भयाने गाळण उडत असे तेथे ती मूर्ती होती. आज ती एका शांत गल्लीतील कपेलात सर्वांच्या प्रार्थना ऐकते. वस्तू त्याच राहतात, परंतु जागा बदलली की त्यांचा अर्थही बदलतो.

नावाचा इतिहास

पवित्र मरिया आपल्या मातेच्या उदरात संभवल्या क्षणापासून मूळ पापाच्या डागापासून मुक्त होती, हे सत्य पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी श्रद्धेचा सिद्धांत म्हणून घोषित केले. पण पणजीच्या टेकडीवर मरियेची भक्ती त्याच्या तीनशेहून अधिक वर्षे आधीपासून चालत आली होती. १६४६ साली पोर्तुगालचे राजे चौथे जॉन यांनी निष्कलंक मातेला आपल्या राज्याची आश्रयदाती म्हणून स्वीकारले होते. भाविकांची भक्ती आधी आणि सिद्धांताची घोषणा नंतर, असा हा क्रम आहे. खलाशांनी आणि कोळ्यांनी गुडघे टेकून जे जपले तेच पुढे चर्चने विश्वासाचे सत्य म्हणून जाहीर केले.

आपल्या धर्मग्रामांसाठी बोध

हा सारा इतिहास सांगण्यामागे आमचा एक उद्देश आहे. आपल्या धर्मप्रांतांतही जुनी चर्चे आहेत. त्यांपैकी काही पोर्तुगीज काळातील असून काही त्यानंतरची आहेत. लोकसंख्या वाढली, छप्पर गळू लागले, ध्वनिक्षेपकाचा आवाज घुमू लागला की धर्मग्राम सभेत प्रश्न उभा राहतो : दुरुस्ती करायची की पाडून नवे बांधायचे? हा प्रश्न सोपा नाही. चर्च हे संग्रहालय नव्हे. ते जिवंत भाविकांचे घर आहे. जागा अपुरी पडत असेल आणि भिंती धोकादायक झाल्या असतील तर केवळ जुने म्हणून काहीही राखून ठेवा, असे आम्ही म्हणणार नाही. पणजीच्या भाविकांनीही कपेल पाडून चर्च बांधलेच होते.

तथापि, त्यांच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, वाढ जुन्याशी जुळवून घेऊन करता येते. पायऱ्या बांधणाऱ्यांनी चर्चचा दर्शनी भाग बदलला नाही आणि घंटेसाठी माथा उंच करणाऱ्यांनी मनोरे पाडले नाहीत. प्रत्येक पिढीने आपली भर घातली आणि मागच्या पिढीचे काम दिसत राहील एवढी काळजी घेतली.

दुसरी गोष्ट साहित्याची. जांभ्याच्या व चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याची घाई अनेक ठिकाणी होते. सिमेंट वरून मजबूत दिसते, पण ते भिंतीतील ओल आत कोंडून ठेवते. काही वर्षांत ते पोपडे धरून सुटते आणि सुटताना दगडाचा थरही सोबत घेऊन जाते. जुन्या भिंतीला चुनाच मानवतो. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता कमी उरले आहेत. जे आहेत त्यांना शोधून काम देणे हीसुद्धा वारसा जपण्याची एक रीत आहे.

तिसरी गोष्ट चर्चच्या कायद्याची. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर भाविकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यासाठी वेदी पुढे आणण्यात आली. जुनी मखरे मोडून टाका, असे मात्र परिषदेने कोठेही सांगितले नाही. उलट, पवित्र वस्तू व मौल्यवान कलाकृती विकल्या जाऊ नयेत वा नष्ट होऊ नयेत याची दक्षता महागुरूंनी घ्यावी, असे उपासनेविषयीच्या १९६३ सालच्या संविधानात म्हटले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११८९ वे कलमही स्पष्ट आहे. प्राचीनता, कला किंवा भक्ती यांमुळे मौल्यवान ठरलेल्या प्रतिमांची दुरुस्ती धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय करू नये आणि परवानगी देण्यापूर्वी त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, असे ते सांगते. सणाच्या आदल्या आठवड्यात जुन्या लाकडी मूर्तीला चकचकीत तैलरंग देण्यापूर्वी हे कलम आठवणे बरे.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. आपल्या चर्चची उंची, रुंदी व जाडी मोजून एक नकाशा करून ठेवावा. जुन्या छायाचित्रांच्या प्रती घराघरांतून गोळा कराव्यात. थडग्यांवरील आणि पायाच्या दगडांवरील लेख झिजण्यापूर्वी उतरवून घ्यावेत. ज्येष्ठ मंडळींकडून बांधकामाच्या आठवणी लिहून घ्याव्यात. कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी मूळ स्थितीची छायाचित्रे काढावीत. धर्मग्रामातील तरुणांना आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना हे काम आवडेल आणि त्या निमित्ताने आपले चर्च कोणी बांधले हेही त्यांना कळेल.

समारोप

जुन्या गोव्यातील कृपामातेचे चर्च पणजीच्या चर्चहून कितीतरी मोठे आणि वैभवशाली होते. आज त्याचा सुळका उरला आहे. पणजीचे लहान चर्च मात्र उभे आहे, कारण त्यात राहणारा, त्याची काळजी वाहणारा एक धर्मग्राम होता. दगड वास्तूला उभे करतो, परंतु तिला टिकवतो तो रोज तिचे दार उघडणारा समाज. संत पेत्राने आपल्या पत्रात भाविकांना जिवंत दगडांची उपमा दिली आहे, ती अशा ठिकाणी नेमकी लागू पडते.

येत्या ८ डिसेंबरला किंवा जेव्हा कधी आपण पणजीला जाल तेव्हा छायाचित्र काढून लगेच परत फिरू नये, अशी आमची विनंती आहे. पायऱ्या सावकाश चढाव्यात. प्रत्येक सज्ज्यावर क्षणभर थांबून नदीकडे पाहावे. आत गेल्यावर ज्यांनी ही वास्तू बांधली, वाढवली, सावरली आणि दरवर्षी चुन्याने पांढरी केली त्या सर्वांसाठी एक नमो मरिया म्हणावी आणि घरी परतल्यावर आपल्या स्वतःच्या चर्चच्या भिंतींकडे एकदा नव्या नजरेने पाहावे.